डब्यूकला कशासाठी

११ जानेवारी २००९, रविवार

राग लिहून काढला की निवळतो म्हणतात. मी तो टिकावा म्हणून लिहिणार आहे.

दुबईत आठवडा रविवारी सुरू होतो, आणि आज आल्या आल्या निनादने मला वॉर्निंग लेटर दिलं. केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. वाईट बातमी द्यायची असेल तर आधी पाणी ठेवावं, हे त्याला मीच शिकवलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, नुकताच ठाण्याहून आला होता आणि पंपाच्या कर्व्हचा, म्हणजे आलेखाचा, कागदसुद्धा उलटा धरून वाचायचा. सात वर्षांत माझा ट्रेनी माझा रीजनल मॅनेजर झाला. त्याचंही मला वाईट वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं.

पत्रात लिहिलंय: अल मजाजच्या टॉवरमधल्या पंपांची निवड इंजिनियर विभावरी टिपणीस यांनी केली, त्यातल्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना घडली.

दुर्घटना म्हणजे काय ते इथे लिहून ठेवते, कारण ऑफिसात आता कुणी तो शब्दच काढत नाही. नोव्हेंबरात त्या टॉवरच्या बेसमेंटमधल्या पंपाचं सील गेलं. सील म्हणजे पाणी मोटरीत शिरू न देणारी कडी, तळहातावर मावेल एवढी. पाणी मोटरीत गेलं, बेसमेंटभर झालं. आमचा टेक्निशियन महादू मेन स्विच बंद करायला उतरला आणि त्याला शॉक बसला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. वय एकावन्न. डिसेंबरात त्याला गुहागरला घरी पाठवला. त्याला दुबईत आणला होता मी.

इथलं पाणी खारट, त्यात बारीक वाळू. म्हणून मी महागातलं, कडक सील लिहिलं होतं. बसवलेलं निघालं स्वस्तातलं. कुणीतरी मधे बदललं. मला न विचारता बदलण्याची पॉवर एकाच माणसाकडे आहे.

मी पत्र घेतलं, 'रिसीव्ड' लिहून सही केली. म्हणाले, "थँक यू निनाद." पाणी प्यायले नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

सुरेश सकाळी साडेअकरालाच घरी आला. त्यांच्या कंत्राटदाराचे तीन टॉवर थांबले, सगळ्या क्वांटिटी सर्व्हेयरच्या, बांधकामाच्या माल-खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या, नोकऱ्या खलास. एकोणीस जण. मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा त्याने आमटी करून ठेवली होती आणि अवनीला गणित शिकवत होता.

त्याने सांगितलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की निनादला हे कळता कामा नये. मी लाचार झाले असं त्याला वाटायला नको.

आता आमचं इथे राहणं माझ्या एकटीच्या नोकरीवर. इंजिनियर बाईला नवऱ्याचा व्हिसा काढता येतो म्हणे, अर्ज करायला हवा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिळालं!

कॉन्सेप्टा आमची ॲडमिन. वसईची, तोंडाने फटकळ, पण पोटात काही ठेवत नाही असं सगळे समजतात ते साफ खोटं. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली, एक फाइल ठेवली आणि म्हणाली, "हे मी तुला दिलेलं नाही. तू माझ्याकडे मागितलंही नाहीस. काय?"

अल मजाजची परचेस ऑर्डर. सीलचा नंबर बदललेला. खाली सही, निनाद आजगावकर. तारीख १७ फेब्रुवारी २००८.

मी फाइल घेऊन पँट्रीत गेले. गॅसवर दूध ठेवलं होतं कुणीतरी, ते उतू जाईपर्यंत तो कागद बघत उभी होते. कितीतरी दिवसांनी पोटभर भूक लागली.

घाई करायची नाही. हे प्रकरण बघायला हेडऑफिसमधून डोना नावाची क्वालिटी हेड मार्चमध्ये येणार आहे. तोपर्यंत निनादशी गोड बोलायचं. आज त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचं वर्गणीपाकीट फिरत होतं. ओवी, तीन वर्षांची. मी सगळ्यांपेक्षा जास्त घातले.

३ मार्च, मंगळवार

डोना साठीला टेकलेली, उंच, पायात शेतावर घालतात तसले बूट. अल क्वोजच्या आमच्या धुळकट गोडाऊनमध्ये ती पहिल्या दिवशीच पंप उघडायला बसली. मला आवडली. आज तिने मला आत बोलावलं. मी परचेस ऑर्डर समोर ठेवली. ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, हे आणून द्यायला हिंमत लागते.

हिंमत! बाई, मला तर त्यात मजा येत होती.

नंतर तिने निनादला बोलावलं. काचेतून दिसत होतं. मला वाटलं होतं तो हातवारे करेल, मला ओढेल, कंत्राटदाराचं नाव घेईल. त्याने कागद पाहिला, मान हलवली. पाच मिनिटांत बाहेर आला. कॉन्सेप्टा मिनिट्स लिहायला आत होती. ती म्हणाली, "एवढंच बोलला. जबाबदारी माझी."

भांडला असता तर जास्त मजा आली असती.

८ मार्च, रविवार

डोनाने जायच्या आधी मला ऑफर दिली. अमेरिकेत, आयोवामध्ये, कंपनीच्या हेडऑफिसात. परदेशातल्या सगळ्या ऑफिसांनी केलेले डिझाइनचे बदल तपासायचे, मंजूर करायचे किंवा परत पाठवायचे. म्हणजे दुबईचेही. म्हणजे निनाद राहिला तर त्याचेही.

गावाचं नाव डब्यूक. सुरेशला सांगितलं तर तो मोठ्याने हसला, जानेवारीनंतर पहिल्यांदाच. "दुबईहून डब्यूक? विमानवाला चुकून परत इथेच आणून सोडेल."

जेवताना कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. मिसिसिपी नदी, चढावरची लाकडी घरं, बाजूला मक्याची शेतं. वस्ती अठ्ठावन्न हजार. जानेवारीत उणे पंधरा.

अवनी म्हणाली, "मम्मा, इज देअर ईव्हन अ मॉल?"

"आहे. आणि शाळा चांगल्या आहेत, डोना म्हणाली."

"आय ॲम इन टेन्थ नेक्स्ट मंथ. यू नो दॅट, राइट?"

"तिथे बोर्ड नसतं. सुटलीस."

सुरेश नकाशावर रस्ते मागे-पुढे करत होता. म्हणाला, "मी तिथे काय करायचं?"

"सध्या इथे काय करतोस?"

बोलून गेले. तो उठून ताटं घासायला लागला. मी जुलैपासून जॉइन होऊ शकेन अशी मेल लिहायला घेतली. पण तूर्त पाठवली नाही. आधी निनादचं काय होतं ते कळू दे. त्याला इथेच ठेवलं तर मी नक्की जाणार. माझ्या मंजुरीसाठी रोज सकाळी त्याला वाट बघायला लावीन. मुद्दाम तीन-तीन वेळा परत पाठवीन. काढलं तर? मग डब्यूकला कशासाठी जायचं, हे नव्याने ठरवावं लागेल.

१९ मार्च, गुरुवार

अवनी आज गाडीत म्हणाली, "यू टॉक अबाउट निनाद अंकल मोअर दॅन यू टॉक टू अस." मी म्हटलं, "तू मोठी झालीस की कळेल." शारजाचं ट्रॅफिक जागचं हलत नव्हतं. ती कानात गाणी घालून बसली.

२७ मार्च, शुक्रवार. पाडवा

काल संध्याकाळी हेडऑफिसचं पत्र आलं. निनादला काढलं. तेही साधं नाही, हलगर्जीपणासाठी. त्यामुळे एक वर्ष त्याला या देशात दुसरीकडे नोकरी धरता येणार नाही, व्हिसावर बंदीचा शिक्का बसणार. महिनाभरात सामान बांधून जायचं.

तो सगळ्यांशी हात मिळवत फिरला. माझ्याजवळ आला, म्हणाला, "मॅडम, येतो." मी म्हटलं, "यल्ला, बाय." मुद्दाम असं, वॉचमनला 'चल, नीघ' म्हणतात तसं.

आज गॅलरीत गुढी उभारली. आमच्या गॅलरीतून अल मजाजचा तो टॉवर दिसतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत अजून रिकामा आहे. चक्का टांगून श्रीखंड केलं होतं, दोन वाट्या खाल्लं. एवढं गोड मला चालत नाही एरवी.

मग गुहागरला महादूला फोन लावला. म्हटलं, "महादू, पाडव्याची बातमी देते. तुमच्या हाताचं उट्टं काढलं मी. निनादला घालवला."

 तो म्हणाला, "निनादसाहेबांना? ते तर हॉस्पिटलात रोज यायचे हो मॅडम. मला घास भरवायचे. डाव्या हातानं जमायचं नाही ना तेव्हा."

"मनात पाप असलं की माणूस असंच करतो, महादू."

"असेल," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेली माणसं."

मी हॉस्पिटलात दोनदा गेले होते. ऑफिसात काम केवढं होतं तेव्हा.

डोनाला मेल पाठवून दिली. येते. कारण नवीन शोधावं लागलं नाही. इथे त्याच्या रिकाम्या केबिनसमोर बसण्यापेक्षा त्याच्या वरच्या खुर्चीत बसलेलं बरं, तो नसला तरी.

९ एप्रिल, गुरुवार

हे लिहायचं की नाही, यावर अर्धा तास गेला.

कॉन्सेप्टाने ब्लॅकबेरी परत मागितली. नवीन माणसाला द्यायची आहे, आतलं वैयक्तिक सगळं काढून टाक म्हणाली. लंच टाइमला गाडीत बसून एकेक पुसत होते. जुन्या सेंट आयटममध्ये शेकडो 'ओके', 'नोटेड', 'थँक्स'. त्यात एक.

१५ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, दुपारी एक चाळीस. टु निनाद. 'ओके. प्रोसीड.'

खाली त्याची मेल. 'मॅडम, मजाज, कंत्राटदार किमतीवरून ऐकत नाही, सील बदलून देतोय, नवीन नंबर जोडलाय, तुमची मंजुरी हवी.' चार ओळी. सगळं स्पष्ट.

त्या शुक्रवारी मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होते. सुरेशची अँजिओप्लास्टी आत चालली होती. मला ती मेल आठवत नाही. शपथेवर सांगते, आठवत नाही. अंगठ्याने कितीतरी जणांना ओके केलं असेल त्या दिवशी. दाराच्या वरच्या लाल दिव्याकडे बघत होते मी.

पण 'प्रोसीड' हा शब्द मी सहज लिहीत नाही. म्हणजे वाचलं होतं का?

डिलीट दाबलं. गेली. कोपऱ्यात फिरणारं घड्याळ आलं, थांबलं, संपलं.

मग लक्षात आलं, त्याच्याकडे असणार.

१० एप्रिल, शुक्रवार

अल मनखूलला गेले, निनादच्या घरी. सुरेशला सांगितलं भाजी आणायला चाललेय.

खरं लिहिते. माफी मागायला गेले नव्हते. त्याच्याकडे ती मेल आहे का, आणि असली तर तो तिचं काय करणार, हे बघायला गेले होते.

दार ॲनेटने उघडलं. निनादची बायको, विरारकडची, पूर्वी एका हॉटेलात फ्रंट डेस्कला होती. हॉलमध्ये खोकी. ओवी एका खोक्यात बसून दुसऱ्याचं झाकण रंगवत होती. ॲनेटने 'या' म्हटलं नाही, फक्त बाजूला झाली.

निनाद बनियनवर होता, शर्ट घालून आला. मला खुर्ची दिली. पाणी आणलं त्याने. मी या वेळी प्यायले.

"एक विचारू?" मी म्हटलं. "शुक्रवारची ती मेल..."

"आहे," तो म्हणाला. माझं वाक्य संपायच्या आत. "प्रिंट काढून ठेवली होती."

"मग डोनाला दाखवली का नाहीस?"

"दाखवली असती तर तिने पहिला प्रश्न काय विचारला असता? मंजुरी शुक्रवारी का मागितली? सुट्टीच्या दिवशी, सुरेशदादा ऑपरेशनला आत असताना? आणि मला ते माहीत होतं. मॅडम, रविवारी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. तुम्ही न वाचता ओके करणार हे धरूनच मी पाठवली. ते बाहेर आलं असतं तर हलगर्जीपणा नाही, फसवणूक ठरली असती. म्हणून गप्प बसलो. बाकी काही नाही."

किती बरं वाटलं मला! म्हणजे हरामखोर होताच तो. माझं काही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ॲनेट म्हणाली, "खोटं बोलतोय."

"ॲनेट, तू ओवीला बघ."

"बघते. आधी ह्यांना सांगते. मी ह्याला म्हटलं होतं, दाखव ती मेल, दोघंही जा, एकटा का मरतोस? तर म्हणतो, मॅडमच्या घरात नोकरी एकच उरलीय. सुरेशदादांचं कॉन्सेप्टाकडून कळलं होतं ह्याला." तिने माझ्याकडे पाहिलं. "चहा ठेवू का? की झालं तुमचं काम?"

निनाद जमिनीकडे बघत होता. "दोन्ही खरं आहे," तो म्हणाला. "वॉर्निंग लेटर दिलं तेव्हा मला वाटलं होतं तुम्हाला आठवत असेल, तुम्ही समजून घ्याल. पत्रावर भागेल, दोघांच्या नोकऱ्या राहतील. तुम्हाला आठवतच नव्हतं, हे फार उशिरा कळलं."

त्याने आतून कागद आणून दिला. "हा एकच आहे. माझ्या आता काही कामाचा नाही."

भाजी आणायची राहिली.

१२ एप्रिल, रविवार

कागद पर्समध्ये आहे. त्याचं पहिलं म्हणणं खरं असणार. स्वतःला वाचवत होता. दुसरं ॲनेटने रचलेलं, नवऱ्याला मोठा दाखवायला. असं ठरवलं आणि दिवसभर ठीक गेला.

१४ एप्रिल, मंगळवार

ठीक नाही. 'दोन्ही खरं आहे' असं कुणी का म्हणेल?

डब्यूकला मी कुठल्या टेबलावर बसणार आहे? दुसऱ्यांनी घाईत केलेल्या मंजुऱ्या शोधून काढायच्या टेबलावर. मी!

तरी जायचं. आपण काही जगाचे मामलेदार नाही. तीन माणसांचं पोट आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

सुरेशला सगळं सांगितलं. तो इस्त्री करत होता. शेवटपर्यंत ऐकलं, मग इस्त्री बंद केली.

"माझ्यामुळे झालं म्हणायचं," तो म्हणाला.

"तुझ्यामुळे कसं? तू आत झोपला होतास."

"तेच." मग शर्टाची कॉलर सरळ करत म्हणाला, "विभा, मी तीन महिने घरी आहे. निनाद काय खातो, काय बोलतो, कुणाला भेटतो ते मला पाठ झालंय. मला डब्यूकला यायचंय का, हे तू एकदा विचारशील असं वाटत होतं."

"यायचंय का?"

"नाही."

एवढं सोपं होतं ते. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"तुला त्या माणसाच्या वर जाऊन बसायचं होतं. मधे मी कशाला येऊ?" त्याने शर्ट घडी घालून ठेवला. "फुजैराला एका कंत्राटदाराकडे जागा आहे. पाण्याच्या प्लँटचं काम. पगार आधीच्या निम्मा. गाव लहान आहे, डोंगर आणि समुद्र, बाकी काही नाही. तुझं कळेपर्यंत हो म्हणालो नव्हतो."

मला वाटलं तो म्हणेल, ती मेल पाठव. म्हणाला नाही. मी विचारलं तरी म्हणाला नाही. "ते तुझं तू बघ," म्हणाला आणि पुढचा शर्ट घेतला.

२० एप्रिल, सोमवार

पाठवली. डोनाला. कागद स्कॅन करून, दोघांनी काय केलं ते लिहून. त्याने शुक्रवारी का पाठवली तेही लिहिलं. ते सोडता आलं असतं. सोडलं नाही, सोडवलं नाही. चांगलं वागत असतानासुद्धा माझा हात असा चालतो, हे इथे नोंदवून ठेवते.

२८ एप्रिल, मंगळवार

उत्तर आलं. ऑफर मागे. इथलं काँट्रॅक्ट जूनअखेर संपतं, ते वाढवणार नाहीत. वॉर्निंग लेटर कायम, आता योग्य कारणासाठी. निनादचं काढणंही कायम. पण लेखी मंजुरी माझी होती म्हणून, फसवणूक न धरता, डोनाने 'हलगर्जीपणा'ऐवजी 'राजीनामा' करून दिलंय, म्हणजे त्याच्यावर बंदी नाही. पत्राच्या शेवटी तिने एक ओळ लिहिली होती, की पहिल्या कागदाला जी लागली ती हिंमत नव्हती, हे मला आता कळलं.

बाई हुशार. तिच्या हाताखाली काम करायला आवडलं असतं.

१ मे, शुक्रवार

निनादचा फोन आला. अबू धाबीला एका ठिकाणी बोलावलंय त्याला. थँक यू म्हणाला.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी म्हटलं.

"मीही नाही, मॅडम," तो म्हणाला. आवाज शांत होता. मग ओवी मागून रडायला लागली आणि त्याने फोन ठेवला.

सुरेश आजपासून फुजैराला. गुरुवारी येईल. अवनीची शाळा संपेपर्यंत आम्ही इथे, मग तिकडे. ती म्हणाली, "ॲट लीस्ट देअर्स अ बीच." मला हसू आलं.

५ मे, मंगळवार

एक माणूस राहिला होता. तीन दिवस फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. आज सकाळी लावला.

महादू आंब्याच्या पेट्यांपाशी होता, मागे माणसं ओरडत होती. मी म्हटलं, बाजूला जा. मग सगळं सांगितलं. स्वस्तातलं सील बसवायला निनादने विचारलं होतं आणि ओके मी म्हटलं होतं. तुमच्या हाताचा बदला घेतला असं पाडव्याला म्हणाले, तो तुमच्यासाठी नव्हता.

पलीकडे आता शांत होतं. चालत लांब आला असावा.

"महादू, शिव्या द्यायच्या तर द्या. मी ऐकते."

"शिव्या देऊन काय, मॅडम." तो म्हणाला. "काल सुनेनं नातू मांडीवर दिला. दोन हातांनी धरायचा तर उजवा घसरतो. तो पडला नाही, सुनेनं धरला. आता ती माझ्याकडे देत नाही. बोलत काही नाही, पण देत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"तुम्ही सांगितलंत, बरं केलंत," तो म्हणाला. "माहीत असलेलं बरं. आता परत फोन करू नका."

"बरं," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला.